खळीवाल्याची सर्दी

माझ्या आईचं एका परक्या पुरुषावर मन बसलं होतं आणि ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती, वडिलांनासुद्धा. रविवार सोडून रोज संध्याकाळी सात वाजता तो आमच्या वैशाली नगरच्या घरात यायचा, टीव्हीवर. मालिकेत त्याचा भलामोठा बंगला होता, एक ठरलेली बायको होती, एक न ठरलेली होती, आणि हसला की उजव्या गालाला खळी पडायची. मालिकेत त्याला चांगलं भारदस्त नाव दिलं होतं, पण आमच्याकडे ते कुणी कधी उच्चारलं नाही. आमच्याकडे तो नुसता ‘खळीवाला’.

त्याच्या भक्त मंडळात तिघी होत्या. पहिली आई. दुसऱ्या शेजारच्या काकू. काकूंचे यजमान स्टील प्लांटच्या ऑफिसात क्लार्क होते, माझे वडील रोलिंग मिलच्या कंट्रोल रूममध्ये, आणि कंपनीच्या सेक्टरमधल्या क्वार्टरांत असल्यापासून दोघींची भिंत एकच. नोकरी संपली की क्वार्टर सोडावं लागतं. ती वेळ जवळ आली तेव्हा दोघींनी आपापल्या नवऱ्यांना इथे शेजारशेजारचे प्लॉट घ्यायला लावले आणि मधल्या भिंतीत एक लोखंडी फाटक बसवून घेतलं. काकू नागपूरच्या, त्यामुळे ‘मला-तुला’ बोलायच्या. आई भंडाऱ्याकडच्या खेड्यातली, ती ‘मले-तुले’. तीस वर्षं दोघींनी एकमेकींची भाषा सुधारून पाहिली आणि दोघींनीही शेवटी नाद सोडला.

तिसरी आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई. ती छत्तीसगढी. तिला मराठी येत नव्हतं, तरी तिने आपली कामाची वेळ सहावरून सातवर आणली होती आणि स्वयंपाकघराच्या दारात तिची हक्काची प्लास्टिकची खुर्ची होती. मालिका कळते का, असं मी तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, “रोवई-हँसई ला काय समझना हे दीदी? सब समझ आ जथे.”

जाहिराती लागल्या की खरा कार्यक्रम सुरू व्हायचा.

“आज निळा सदरा घातलाय,” काकू म्हणायच्या. “निळ्यात जरा सावळा दिसतो गं.”

“सावळा कावून? गहूवर्णी आहे. आन बाह्या कशा दुमडल्या ते पाय ना.”

“टूरा बने हे,” म्हणजे पोरगा चांगला आहे, असं दारातून बाई मत द्यायची, “फेर अक्कल नइ हे. दू झन टूरी के बीच म लटके हे.”

वडील पेपरामागे बसलेले असायचे. मालिका पाहत नाही असं दाखवायचे आणि एकही भाग चुकवायचे नाहीत. त्यांची तक्रार एकच होती. “याची शिफ्ट कोनती आहे?” ते विचारायचे. “सहा महिने झाले पाहून राहिलो, एक दिवस ड्युटीवर गेला नाही. याची हजेरी कोन लावते?”

“तुमी गेले ना छत्तीस वर्षं ड्युटीवर,” आई म्हणायची. “पडली का खळी?”

वडील पेपर थोडा आणखी वर करायचे. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या.

आई काकूंनाही सोडायची नाही. काकू केसांना काळा रंग लावायच्या, दर पंधरवड्याला, आणि दर वेळी कानाच्या पाळीवर डाग राहून जायचा. फाटक वाजलं की आई इकडून ओरडायची, “आज शाईचा दिवस होता वाटते. कान पूस आधी.” काकू कान पुसत आत यायच्या. “तुझी नजर आहे की दुर्बीण?” असं म्हणायच्या. हे मालिकेच्या कितीतरी आधीपासून, मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून चालू होतं. आरसा पाहून कान पुसून निघायला काकूंना किती वेळ लागला असता? पण त्या तशाच यायच्या.

मी तेव्हा रायपूरला एका शाळेत शिकवत होते. शनिवारी उशिरा घरी पोचायचे आणि रविवारी संध्याकाळी परत निघायचे, म्हणजे खळीवाल्याचं दर्शन मला जवळजवळ नव्हतंच. तो मला फोनवर कळायचा. मी जेवले का, हे आई एका वाक्यात विचारायची, आणि नंतरची वीस मिनिटं त्याच्यावर काय बेतलं ते सांगायची. मी “हां, हां” करत वह्या तपासायचे. पुढे पुढे हे फोन आखूड झाले. मला बरंच वाटलं, हे आता कबूल करते.

मेच्या सुट्टीत मी महिनाभरासाठी घरी आले. पहिल्याच संध्याकाळी फाटक वाजलं आणि काकू आल्या. त्यांचे केस डोक्यावर पांढरे झाले होते, खाली अंबाड्यात तेवढा काळा रंग उरला होता. मनात म्हटलं, चला, शेवटी वय मान्य केलं. आई काहीच बोलली नाही. तेही माझ्या ध्यानात आलं नाही, कारण मी कूलरसमोरची जागा पकडण्यात गुंतले होते.

मालिका सुरू झाली. बंगला तोच होता, सासू तीच होती. जिन्यावरून बाह्या दुमडत एक माणूस उतरला आणि तो भलताच कुणीतरी होता. लांबट चेहरा, बारीक मिशी, गाल पोळपाटासारखा सपाट.

“अरे, ये कौन—” मी म्हटलं, आणि काकूंनी माझा गुडघा असा दाबला की मी पुढचं गिळलं.

“आजही आवाज बसलेलाच आहे बिचाऱ्याचा,” आई टीव्हीकडे पाहत म्हणाली. “सर्दी काही जाऊन नाही राहिली त्याची.”

“नाही ना गं,” काकू म्हणाल्या. “पण खळी पाहा आज. सर्दी असली तरी खळी सुटत नाही.”

“खळीले का होते?” आई म्हणाली आणि खुशीत हसली.

मी काकूंकडे पाहिलं. त्या समोर पाहत होत्या. दारात बाई मान खाली घालून पायाचा अंगठा फरशीवर घासत होती. वडील पेपरात होते.

मला राग पटकन येतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर येतो. मला वाटलं, या दोघी मिळून माझ्या आईची थट्टा करतायत. हिरो बदललाय हे तिला सांगत नाहीत आणि रोज मजा बघतात. मालिका संपल्यावर काकू निघाल्या तशी मी मागोमाग फाटकापर्यंत गेले.

“काकू, ये क्या चल रहा है? आईची मजा घेऊन राहिल्या का तुम्ही? तीस साल से साथ में हो, शरम नाही वाटत?”

काकू फाटकातून पलीकडे गेल्या आणि कडी लावून घेतली. त्या कडीचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, कारण ती कुणी लावतच नसे.

मी तणतणत स्वयंपाकघरात आले. बाई कढई घासत होती. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “काकी ला झन डाँट दीदी. दाई ला बने नइ दिखय. तीन-चार महीना होगे.” ती आईला दाई म्हणायची; आईला नीट दिसत नाही, असं ती सांगत होती. मग तिने हात धुऊन सगळं सांगितलं. ज्या दिवशी हिरो बदलला त्या दिवशी टीव्हीवर खाली तशी पट्टी आली होती. काकू ओरडणार, तेवढ्यात आई म्हणाली, याचा आवाज बसला, सर्दी झाली वाटते. “काकी ह मुँह ला बंद कर लिस,” बाई म्हणाली. “तब ले रोज खळी-खळी कहिथे.”

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. मग एकेक आठवायला लागलं. आई मेथी निवडायला बाईकडे देत होती. मला फोन लावायचा तर वडिलांकडून लावून घेत होती. मी आले तेव्हा साडीची एक बाजू उलटी नेसली होती आणि मी तिला हसले होते. मला स्वतःची लाज वाटली. तरी काकूंची माफी मागायला मी त्या दिवशी गेले नाही. माझा हट्ट माझ्या अकलेपेक्षा नेहमी दोन पावलं पुढे असतो.

दुसऱ्या दिवशी फाटक वाजलं नाही. सात वाजले. आई टीव्हीसमोर बसली, पण रिमोट तिने हातात घेतला नाही.

“लाव ना आई,” मी म्हटलं.

“राहू दे. एकटीनं का पाह्यचं?”

“मैं हूँ ना.”

“तुले नाही समजत त्यातलं,” ती म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. सात वाजले की ती फाटकाच्या दिशेने कान करून बसायची आणि साडेसात वाजले की उठून देवापाशी जायची.

तेव्हा मी वडिलांना सांगितलं. सकाळी ते पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. त्यांनी नोकरी सोडली होती पण लॉगबुक सोडलं नव्हतं. घरात एक लांबट रजिस्टर होतं आणि त्यात ते रोज लिहायचे, ‘६:१० टाकी भरली. कूलर नॉर्मल. सिलिंडर बदलला.’ आई त्या रजिस्टराला त्यांची दुसरी बायको म्हणायची. मी बोलत होते आणि ते ऐकत होते, आणि टाकी भरून पाणी गच्चीवरून खाली पडायला लागलं. आमच्या घरात टाकी पहिल्यांदाच वाहिली.

“मी रोज तिच्या बाजूले बसतो,” ते म्हणाले. “मले कावून नाही समजलं?”

मी मोटार बंद केली.

“सीधा पूछ लेते हैं ना बाबा.”

“विचारलं तर नाही म्हनेल. मागच्या वर्षी चष्म्याचा नंबर काढू म्हटलं, तर दोन दिवस बोलली नाही.” त्यांनी थोडा विचार केला. “कंट्रोल रूममध्ये कोनाले तुझं चुकलं असं नाही म्हनत. दोघं जन एकच मीटर पाहतात, दोघंही आपलं रीडिंग लिहितात. मंग कागदच बोलते.”

ते पाय पुसून स्वतः फाटकाशी गेले आणि कडी वाजवली. “वहिनी, आज सातले या. काम आहे,” एवढंच म्हणाले.

काकू आल्या. माझ्याकडे न पाहता आपल्या जागेवर बसल्या. मालिका झाली. वडिलांनी टीव्ही बंद केला, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि चष्मा नाकावर चढवला.

“आता रोज लॉग लिहायचा,” ते म्हणाले. “तुमी रोज भांडता, निळा का आकाशी, एकदा लिहूनच ठेवू. हिरोच्या सदऱ्याचा रंग. एकेकीनं सांगायचं, मधात कोनी बोलायचं नाही. सीनिअर पयले.” आणि त्यांनी आईकडे पाहिलं.

आई हसली. “का येडेपना लावला म्हातारपनी?”

“रंग सांग.”

आईचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले. “पांढरा,” ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं. “वहिनी?”

सदरा गडद मरून होता. मालिकेतली सासूसुद्धा त्या रंगावर दोन वाक्यं बोलली होती, पण त्या वेळी आई पाणी प्यायला उठली होती. काकूंनी एकदा आईकडे पाहिलं.

“पांढरा,” काकू म्हणाल्या.

“लाल असन रहिस,” दारातून बाई म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

वडिलांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. “वहिनी, खोटं रीडिंग लिहिलं तर अपघात होते. लॉगबुकात दोस्ती नाही चालत.”

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “मरून होता,” त्या म्हणाल्या. “भाऊजी, मरून होता.”

आई तशीच ताठ बसून होती. मला वाटलं ती चिडेल, उठून जाईल. ती म्हणाली, “मीटर खराब झालं माझं.” आणि मग, “मले भेव वाटते.”

मग तिने जे सांगितलं ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन गावात एका शिबिरात झालं होतं. पट्टी काढली तेव्हा त्या डोळ्याने दिसत होतं त्यापेक्षाही कमी दिसायला लागलं, आणि पुढे काहीच दिसेना. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. ती तिला हाताला धरून विहिरीपर्यंत न्यायची. “अर्धं दिसते ना मले,” आई म्हणाली, “अर्ध्यात भागते. ऑपरेशन करून तेही गेलं तर? तुमाले कोन पाहील?”

वडील उठून तिच्याशेजारी बसले. इतके जवळ बसलेले मी त्यांना क्वचित पाहिलं होतं.

“भट्टी किती वर्षं चालते?” त्यांनी विचारलं.

“मले का माहीत?”

“चालता चालता एक दिवस कॅपिटल रिपेअर घ्याच लागते. बंद करायची, थंड होऊ द्यायची, आतून नवी करायची. पयल्या वेळी मलेही वाटलं होतं, हे आता पुन्हा पेटत नाही. दर वेळी पेटली. एकदाही बंद नाही राहिली. आन ते शिबीर होतं. आता मशीन आहे. मी स्वतः उभा राहतो.”

आई म्हणाली, “मालिका चुकली नाही पायजे. तुमी रोज लिहायचं. सगळं.”

“लिहीन,” वडील म्हणाले.

दहा दिवसांत आम्ही तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, आधी उजवा करायचं ठरलं. तिला आत घेतलं तेव्हा वडील दारापाशी उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मी आणि काकू बाकावर बसलो होतो. मी म्हटलं, “काकू, माझं चुकलं.”

“मला माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “तू पहिलीत असल्यापासून अशीच आहेस. आधी भांडतेस, मग विचारतेस.” त्यांनी पर्समधून खारे दाणे काढून माझ्या हातावर ठेवले, म्हणजे प्रकरण मिटलं होतं. मग हळूच म्हणाल्या, “मला सगळ्यांत आधी कळलं. थंडीत मी एकदा कानाला हा एवढा डाग घेऊन आले. तिच्यासमोर उभी राहिले. ती म्हणाली, ये, बैस. फाटकात परत गेले आणि परत आले. तरी नाही दिसलं तिला.” त्या दाणे नुसतेच हातात घोळवत होत्या. “मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिने माझा हात धरला आणि म्हणाली, आज कोणता सदरा घातला गं त्याने? मग माझ्याच्याने नाही झालं.”

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ टीव्ही पाहिला तरी चालेल. वडिलांनी स्वतःच्या अधिकारात आठवडाभराचं शटडाऊन जाहीर केलं. त्या आठवड्यात आई काळा चष्मा लावून आतल्या खोलीत पडून राहायची, बाहेर आम्ही आवाज बंद करून मालिका पाहायचो, आणि साडेसातला वडील आत जाऊन रजिस्टर वाचायचे.

“सोमवार. सात वाजता सुरू. हिरो आला. सदरा हिरवा. सासू गरम. सात-आठला रडणं चालू. सात-वीस, रडणं चालूच. सात-अठ्ठावीसला बंद. हिरो ड्युटीवर गेला नाही.”

“दिसत कसा होता?”

“नॉर्मल.”

“नॉर्मल म्हंजे?”

वडील विचारात पडायचे. त्यांनी आयुष्यात कधी कुणाच्या दिसण्याचं वर्णन केलं नव्हतं. “बरा होता,” ते म्हणायचे. “सदऱ्याले इस्त्री होती.”

“लग्नाले चाळीस वर्षं झाली, मलेही तुमी नॉर्मलच म्हनत आले,” आई म्हणायची. वडील रजिस्टर मिटून पळ काढायचे.

हिरो बदलला आहे हे मात्र त्या आठ दिवसांत कुणीच तिला सांगितलं नाही. मी वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “ते रीडिंग तिचं तिलेच घेऊ दे.”

आठव्या दिवशी संध्याकाळी आई टीव्हीसमोर येऊन बसली. काकू आल्या, डोक्यावरून पदर घेऊन, जरा मागेच बसल्या. बाई खुर्ची आत ओढून बसली. वडिलांच्या हातात पेपर होता, पण तो त्यांनी उघडलासुद्धा नाही. जिन्यावरून बाह्या दुमडत तो उतरला. चेहरा पडदाभर आला आणि तो हसला.

आई पाहत राहिली. चांगला मिनिटभर पाहत राहिली.

“याले खळी कुठी आहे?” ती म्हणाली.

“नाही आहे,” काकू मागून म्हणाल्या. “तो गेला. बदलला. हा दुसरा आहे.”

“कवापासून?”

“सर्दी झाली तेव्हापासून.”

“मंग तू रोज खळी पाय, खळी पाय, कावून म्हनत होती?”

मला वाटलं, आता मीच काहीतरी बोलावं, आणि नेमकं तेव्हाच आई हसायला लागली. हसता हसता तिने काळा चष्मा काढून डोळ्याखालचं पाणी बोटाने पुसलं. “डोळ्याले हात नको लावू,” वडील ओरडले.

“बाप्पा, सर्दी का चार महिने राहते?” आई म्हणाली. “मले आवाज नाही समजत का? पयल्या दिवशीच समजलं, हा तो नाही. पन मी ते म्हटलं असतं, तर तुमी म्हटलं असतं, चेहरा पाहून सांग. मंग मी म्हटलं, सर्दी झाली. आन हिनं म्हटलं, खळी आहे.” ती काकूंकडे वळली. “तू जोवर खळी म्हनत होती ना, तोवर मले दवाखान्यात नव्हतं जावं लागत. मी तुया खळीवर चार महिने काढले.”

“मूर्खच होतो दोघी,” काकू म्हणाल्या.

आई त्यांच्याकडे पाहत होती. टीव्हीवर सासू काहीतरी ओरडत होती, पण तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आईने हात पुढे करून काकूंच्या डोक्यावरचा पदर मागे सारला.

“हे का?” ती म्हणाली. “सगळेच पांढरे? शाई लावनं कवा सोडलं तू?”

काकूंनी पदर पुन्हा ओढायचा प्रयत्न केला. आईने तो धरून ठेवला.

“तुला दिसत नव्हतं,” काकू म्हणाल्या. “मग रंगवू कुणासाठी?”

आईने पदर सोडला. वडिलांनी पेपर उघडला आणि तोंडासमोर धरला, उलटा. बाई उठून आत गेली आणि नळ मोठा सोडून आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. मी खुर्चीवर बसूनच रडले, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मालिका कधी संपली ते कुणाला कळलं नाही. रजिस्टरात त्या दिवसाची जागा कोरी राहिली.

दुसऱ्या दिवशी सात वाजायच्या थोडं आधी फाटक वाजलं. काकूंचे केस काळेभोर होते. त्या तुळशीच्या कुंडीपर्यंत आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या, मान एका बाजूला थोडी कलती करून. आई आत खुर्चीवर बसली होती. तिने काळा चष्मा कपाळावर चढवला आणि दारातून बाहेर पाहिलं.

“कान पूस आधी,” ती ओरडली.